एकच रूम शिल्लक आहे

रिसेप्शनवरची मुलगी स्क्रीनकडे बघते, जरा कसंनुसं तोंड करते आणि म्हणते, सॉरी, एकच रूम शिल्लक आहे. बाहेर वादळ, रस्ता बंद, नायक-नायिका गेली दीडशे पानं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, आणि रूमचं दार उघडलं की आत बेडसुद्धा एकच. हे मी किती वेळा वाचलंय याचा हिशोब कधीच सोडून दिलाय. आता तो म्हणणार मी खाली झोपतो, ती म्हणणार वेडा आहेस का पाठ धरेल, मग मध्ये उशांची भिंत, आणि पहाटे ती भिंत कुठेतरी पायाशी पडलेली. सगळं पाठ आहे. तरी दर वेळी मी पांघरूण ओढून घेते, फोनचा ब्राइटनेस कमी करते आणि असं पान उलटते की जणू आता काय होणार याची मला गंधवार्ताच नाही.

शेजारी नवरा पांघरूण लाथाडून झोपलेला असतो. (त्याला बारा महिने गरम होतं, एसी अठरावर लावून वर फॅन. मी स्वेटर घालून रोमान्स वाचते.) कधीतरी एक डोळा उघडून विचारतो, "परत तेच?" त्यात टोमणा नसतो हां, त्याला खरंच कुतूहल असतं. तो रहस्यकथा वाचतो, खुनी कळला की पुस्तक त्याच्यासाठी संपलं. आणि इथे बायको अशी पुस्तकं वाचतेय ज्यांचा "खुनी" कव्हरवरच शर्टाची दोन बटणं उघडी टाकून उभा असतो.

आधी मला याची लाज वाटायची. कॉलेजात मी असली पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली आहेत आणि कुणी विचारलं तर इकॉनॉमिक्स म्हणून सांगितलंय. आता काळ बदलला. आता वाचकच उघडपणे ट्रोपचं, म्हणजे कथेतल्या ठरलेल्या साच्याचं, नाव घेऊन पुस्तक मागतात, फेक डेटिंग (प्रेमाचं नाटक) सुचवा, एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम) सुचवा पण स्लो बर्न हवा, प्रेम हळूहळू पेटणारं, ग्रम्पी-सनशाइन (एक तिरसट, एक हसतमुख) असेल तर ग्रम्पी ती हवी आणि सनशाइन तो. लेखकाचं नाव नंतर. प्रकाशक पण हुशार, ट्रोप जाहिरातीतच छापून मोकळे होतात. म्हणजे जी गोष्ट समीक्षक शिवी म्हणून वापरायचे, की सगळं ठरलेलं असतं, साच्यातलं असतं, तीच आता लेबल लावून विकली जाते, आणि आम्ही लेबल वाचून घेतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बाबा, शेवट माहीत असण्यात एक निवांतपणा असतो. ते खोटं नाहीये. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नऊ रात्री हॉस्पिटलमधल्या त्या रेक्झिनच्या खुर्चीत काढल्या, जिच्यावर जरा हललं तरी कर्र आवाज होतो, आणि त्या नऊ रात्रींत मी सात कादंबऱ्या वाचल्या आणि सातही खोट्या लग्नाच्या होत्या. मुद्दाम निवडलेल्या. समोर एक मॉनिटर होता ज्याच्यावरचा आकडा पुढच्या मिनिटाला काय होईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि हातात एक गोष्ट होती जिचा शेवट मला पहिल्या पानाआधीच माहीत होता. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या दोन संशोधकांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, तर शेवट माहीत असलेल्यांनाच कथा जास्त आवडल्या असं निघालं. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं म्हणा. पण त्या खुर्चीतल्या माझ्याबाबतीत पहिल्यांचंच बरोबर होतं.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तर रोमान्स वाचणाऱ्या बायकांच्या एका गटाशी बसून सविस्तर बोलून 1984 मध्ये पुस्तकच लिहिलं. त्यातल्या काही बायका शेवट आधी वाचून बघायच्या, सुखाचा आहे याची खात्री झाली की मगच पुस्तक वाचायला घ्यायच्या. आणि वाचायला का आवडतं विचारलं तर नायकाबियकाच्या आधी त्या सांगायच्या की तेवढा वेळ माझा असतो, तेवढ्यात मला कुणी हाक मारू नये. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसतीच बसले. माझ्याकडे दाराला आतून कडी लावण्याइतकी हिंमत कधी नव्हती, पण कादंबरी उघडणं हीच माझी कडी होती.

पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. नुसता गोड शेवटच हवा असेल तर कुठलीही प्रेमकथा चालायला हवी ना? मग रात्री एक वाजता मला नेमकं खोटं लग्नच का हवं असतं, आणि माझ्या मैत्रिणीला नेमके शत्रूच का लागतात (ती म्हणते पहिल्या पन्नास पानांत एकदाही अपमान झाला नाही तर ती पुस्तक सोडून देते), आणि तिसरी एक आहे जिला बालमित्रांशिवाय काही गोडच लागत नाही? शेवट तर सगळ्यांचा एकच. तेव्हा गंमत शेवटात नाही, तिथे पोचायला जे निमित्त लागतं त्यात आहे.

निमित्त. हा शब्द मला ट्रोपपेक्षा बरोबर वाटतो. नीट बघितलं तर प्रत्येक ट्रोप एकाच अडचणीवर काढलेला तोडगा आहे. अडचण अशी की दोन धड, शहाणी, स्वाभिमानी माणसं आहेत, दोघांनाही एकमेकांच्या जवळ जायचंय आणि पहिलं पाऊल टाकायची दोघांचीही टाप नाही, कारण पहिलं पाऊल टाकणारा पडला तर त्याचं हसं होतं. मग कथा म्हणते थांबा, मी करते काहीतरी. वादळ आणते. मृत्युपत्रात अट घालते की लग्न केलंस तरच घर तुझं. आजी आजारी पाडते, जिला नातवाची बायको बघायचीच आहे. दोघांना एकाच प्रोजेक्टवर टाकते. आणि मग त्या दोघांना जवळ यायची पूर्ण मुभा, वर जबाबदारी शून्य. हात धरला? लोकांना दाखवायला धरला. कपाळावर ओठ टेकवले? फोटोग्राफर बघत होता. एका पांघरुणात झोपले? रूम एकच होती हो, आम्ही काय करणार.

फेक डेटिंगचा नियमच असा की दोघं बसून नियम ठरवतात. चक्क यादी करतात. माझा सगळ्यात आवडता भाग हाच, किसपेक्षाही. टेबलाच्या दोन बाजूंना बसून, पेन घेऊन, अगदी बिझनेससारखं चाललेलं असतं की आठवड्यातून दोनदा एकत्र दिसायचं, हात धरलेला चालेल, खोटं नाव घेऊन हाक मारायची नाही, आणि शेवटचा नियम कायम तोच, प्रेमात पडायचं नाही. मग ती विचारते, लोकांनी विचारलं मला काय आवडतं तर तुला माहीत हवं ना. आणि तो न बघता सांगायला लागतो. तुला कोपऱ्यातली खुर्ची लागते, पाठ भिंतीला टेकवून. तू पुस्तकाचं पान दुमडत नाहीस पण तिकीट, बिल, पावती काहीही बुकमार्क म्हणून घालतेस. खोटं बोलायच्या आधी तू घड्याळाचा पट्टा फिरवतेस. ती हातातल्या घड्याळाकडे बघते, बोटं पट्ट्यावर असतात. यादी अजून अर्धी व्हायचीये आणि करार तिथेच मोडलेला असतो, फक्त त्यांना माहीत नसतं, आपल्याला असतं. आपण दोघांच्याही पुढे जाऊन बसलेलो असतो आणि मागे वळून बघत असतो, या लवकर.

शत्रूंचं पण तेच. वरवर वाटतं की इथे मजा भांडणाची आहे, शब्दाला शब्द, वगैरे. पण शत्रुत्व म्हणजे लक्ष ठेवायचा परवाना असतो. ज्याच्याविषयी मला काही वाटत नाही तो ऑफिसात किती वाजता येतो हे मला कशाला माहीत असेल? पण ज्याचा राग येतो त्याचा शर्ट, त्याचा आवाज, तो कुणाशी हसून बोलला, सगळं टिपलेलं असतं. 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सीने नाचाच्या वेळी टाकलेलं एक वाक्य एलिझाबेथच्या कानावर पडतं, की दिसायला बरी आहे पण मला मोह पडावा इतकी नाही. आणि ती ते मैत्रिणींना अगदी हसत हसत सांगते. हसत हसत, पण सांगत सुटते! तिथेच ओळखावं.

फोर्स्ड प्रॉक्सिमिटी, म्हणजे दोघांना एका जागी कोंबणं, हा तर सगळ्यांचा बाप. आणि याला खऱ्या आयुष्याचाही आधार आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमआयटीतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री होते याचा अभ्यास केला, 1950 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. वाटेल की आवडीनिवडी, स्वभाव वगैरे काही निघेल. निघालं काय, तर शेजारचं दार. आणि जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त ओळख, कारण येता-जाता दिसतात. म्हणजे माणसाच्या जिव्हाळ्याचं अर्धं श्रेय बिल्डिंगचा नकाशा काढणाऱ्याला. मला हे वाचून जरा वाईटच वाटलं होतं, आणि मग वाटलं, कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हे जिने मोजायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

आता निमित्ताचा सगळ्यात मोठा नमुना सांगते, आणि तो आजकालच्या गुळगुळीत कव्हरच्या पुस्तकातला नाही, कालिदासाचा आहे. महाभारतातली शकुंतला आठवते? तिथे ती मुलाला घेऊन दरबारात येते आणि दुष्यंत सरळ म्हणतो की मी तुला ओळखत नाही. ओळखत असतो. त्याला सगळं आठवत असतं, तरी म्हणतो. शेवटी आकाशवाणी होते, मग म्हणतो की मला माहीतच होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. आता असला नायक कोण खपवून घेणार? आजच्या वाचकांनी एक स्टार देऊन फाडून खाल्ला असता. तर कालिदासाने काय केलं, दुर्वासाचा शाप घातला आणि अंगठी घातली. आता दुष्यंत खोटा नाही, बिचारा विसरलाय. स्मृतिभ्रंश, नायकाला माहीत नसलेलं मूल, मग वर्षांनी पुन्हा भेट, म्हणजे अ‍ॅम्नेशिया, सीक्रेट बेबी, सेकंड चान्स, तीनही ट्रोप एका नाटकात. आणि ते तिघं मिळून काम काय करतायत, तर एका पुरुषाच्या भ्याडपणाला निमित्त मिळवून देतायत. नाटक अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण मला कधी कधी महाभारतातल्या शकुंतलेचाच पुळका येतो, ती भर दरबारात राजाला जे सुनावते ना, तिला अंगठी दाखवायची गरजच पडत नाही.

(नायिकांचं वर्गीकरण तर नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींनी केव्हाच करून ठेवलंय, आठ प्रकार. त्यातली कलहांतरिता म्हणजे भांडून त्याला घालवून दिलं आणि आता पस्तावत बसलीये ती. आमच्या भाषेत ब्याऐंशी टक्क्यांवरची नायिका.)

ब्याऐंशी टक्के काय ते ई-बुकवाल्यांना लगेच कळेल. खाली टक्के दिसत असतात, सगळं छान चाललेलं असतं, आणि साधारण तिथे आलं की छातीत धस्स होतं, आता होणार. थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप, म्हणजे शेवटाच्या जरा आधीची ताटातूट. पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी 2003 च्या त्यांच्या पुस्तकात रोमान्स कादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितलेत, त्यातला एक म्हणजे हा, जिथे वाटतं की आता हे दोघं एकत्र येणं शक्यच नाही, याला रेजिसबाई 'विधीतल्या मृत्यूसारखा क्षण' म्हणतात. नाव भारी आहे. पण पुस्तकांत निम्म्या वेळा हा मृत्यू इतका फालतू कारणाने होतो की काय सांगू, तिने अर्धंच बोलणं ऐकलं, त्याने मेसेज वाचला नाही, आणि वीस पानं रडारड. एक फोन करा रे! तिथे मी फोन आदळते. सांभाळून, उशीवर.

जिथे तो जमतो तिथे कारण वेगळं असतं. तिथे निमित्त संपलेलं असतं. वादळ थांबलं, रस्ता उघडला. आजी बरी झाली किंवा गेली. कराराची मुदत काल संपली. रिसेप्शनवाली फोन करून सांगते, मॅडम, दुसरी रूम रिकामी झालीये, आणि ती फोन ठेवते आणि त्याला काहीच सांगत नाही. किंवा सांगते, आणि तो म्हणतो, अच्छा. आणि जागचा हलत नाही. आता पांघरायला काही उरलेलं नाही, आता थांबायचं तर "मला थांबायचंय म्हणून" थांबावं लागणार, आणि ते तोंडाने म्हणावं लागणार. सगळे ट्रोप वळसे घेत घेत या एका बिनट्रोपच्या मिनिटापाशी येतात. मी तीनशे पानं त्या एका मिनिटासाठी वाचते असं माझं झालंय.

म्हणूनच काही ट्रोप मला चालत नाहीत. बॉस आणि सेक्रेटरी नको, कारण तिथे तिला नाही म्हणायची सोय आहे की नाही हेच कळत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर हो ला काय अर्थ. दार फोडून येणारा, फोन तपासणारा, "तू माझी आहेस" असं गुरगुरणारा तर अजिबात नको, त्याला निमित्त लागतच नाही, तिथेच तो माझ्या मनातून उतरतो. अब्जाधीशांना मात्र मी उगाच नावं ठेवायचे. मला वाटायचं बायकांना पैसा आवडतो असं दाखवतात. नंतर लक्षात आलं की त्या अब्जाधीशाकडे पैशापेक्षा भयंकर दुर्मिळ गोष्ट असते, वेळ. इतक्या कंपन्या सांभाळतो पण त्याची कधी मीटिंग लांबत नाही. तिला ताप आला की तो तीन दिवस पायाशी बसून. खऱ्या जगात साध्या टीम लीडरला अर्धा दिवस सुट्टी मिळत नाही. तेव्हा फँटसी कशाची चाललीये ते नीट बघावं.

बालमित्रांवर मी फार बोलणार नाही, तो प्रांत त्या तिसऱ्या मैत्रिणीचा. एवढंच की तिथे जवळ यायला निमित्त नको असतं, जवळ असतातच, फक्त नव्याने बघायला हवं असतं.

तर हे सगळं मी एका रात्री नवऱ्याला सांगत बसले. तो जागा होता, एसी बंद पडला होता म्हणून. निमित्त, करार, दुसरी रूम, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, आपला ट्रोप कुठला रे? आणि स्वतःच उत्तर दिलं, ऑफिस, फोर्स्ड प्रॉक्सिमिटी, स्लो बर्न. कारण आमची गोष्ट तशीच आहे, निदान मी तेरा वर्षं तशीच सांगत आलेय. ऑफिसात बसायच्या जागा बदलल्या, अ‍ॅडमिनने त्याला माझ्या समोरच्या डेस्कवर आणून टाकलं, मग आठ महिने समोरासमोर, स्टेपलर दे, चार्जर आहे का, आज उशीर होणारे का, असं करत करत. मी लग्नाच्या अल्बममध्ये पण लिहिलंय, सीटिंग चार्टचे आभार.

तो म्हणाला, "फोर्स्ड नव्हतं."

"म्हणजे?"

"जागा सगळ्यांच्या नव्हत्या बदलल्या. एकट्या माझी बदलली होती. मी अर्ज केला होता अ‍ॅडमिनला."

मी उठून बसले. तेरा वर्षं! अर्जात काय लिहिलं होतंस, म्हटलं.

"की आधीच्या जागेवर एसीचा झोत डायरेक्ट अंगावर येतो. थंडी सहन होत नाही."

आणि कूस बदलून म्हणाला, "तो रिमोट बघ ना जरा चालतोय का, उकडून मरतोय मी."